शाळेतला बालबाजार: तारखेपासून हिशेबाच्या तासापर्यंत

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून बाल आनंद मेळाव्याचे, म्हणजे मुलांनी दुकानं मांडून भरवलेल्या बाजाराचे, फोटो यायला लागतात. कुठे त्याला बालबाजार म्हणतात, कुठे आठवडी बाजार. नाव काही असो, निम्म्याहून जास्त फोटोंत एकच दृश्य असतं: टेबलामागे आई वडे तळते आहे, वडील पैसे घेत आहेत आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते पोर बाजूला उभं राहून कॅमेऱ्याकडे बघतं आहे. त्या पोराला गल्ल्यावर कसं बसवायचं आणि आईवडिलांना घरी न पाठवता त्यांचं काम कसं नेमून द्यायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

डोळ्यासमोर पहिली ते पाचवीची, तीन शिक्षकांची, साठ पटाची जिल्हा परिषद शाळा ठेवली आहे. तुमचा पट वीस असेल किंवा दोनशे, आकडे बदला, पण क्रम बदलू नका. मेळावे बहुतेक वेळा बिघडतात ते आधीचं काम नंतर केल्यामुळे.

१. तारीख आयांना विचारून ठरवा (चार आठवडे आधी)

कार्यालयात कॅलेंडर पुढ्यात घेऊन तारीख ठरवणं ही पहिली चूक. १४ नोव्हेंबरचा बालदिन किंवा ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती कागदावर छान दिसते. पण कापसाच्या पट्ट्यात नोव्हेंबरात वेचणी ऐन भरात असते, नाशिककडे जानेवारीत कांद्याची लागवड असते, आणि बीडकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर दिवाळीनंतर कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. ज्या बाईची त्या दिवसाची रोजंदारी बुडणार, ती शाळेत येणार नाही. आली तरी दहा मिनिटं उभी राहील आणि जाईल.

म्हणून आधी चार-पाच घरी जा, नाहीतर शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा आणि एवढंच विचारा: कोणत्या वारी, किती वाजता जमेल? आमच्याकडे उत्तर आलं, "शनिवारी सकाळी, नऊच्या आत. मग आम्ही रानात." सकाळच्या शाळेचा दिवस असल्याने शाळेलाही ते सोयीचं होतं. बाजाराची वेळ आम्ही आठ ते साडेनऊ ठेवली आणि ती तशीच राहिली.

तारीख पक्की करण्यापूर्वी हे बघा:

- गावाचा किंवा शेजारच्या मोठ्या गावाचा आठवडी बाजार त्या दिवशी नको. घरातली पिशवी आणि पैसा दोन्ही तिकडे जातात.
- जत्रा, हरिनाम सप्ताह, मोठ्या घरचं लग्न.
- एकादशी. आम्ही एकदा नेमके एकादशीला बाजार भरवून बसलो. भेळेच्या तीन गटांचा माल पडून राहिला आणि उकडलेल्या रताळ्यांचा एकच गट होता, तो अर्ध्या तासात मोकळा झाला. त्या पोरांचा नफा बघून भेळवाली पोरं रडकुंडीला आली.

ज्या गावांतून ऊसतोडीला माणसं जातात, तिथली मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांकडे असतात. तिथे पालक म्हणजे आजीच. निमंत्रणापासून कामाच्या वाटणीपर्यंत तिला धरा. 'आईवडिलांना घेऊन या' असं वर्गात म्हटलं की या मुलांची तोंडं खाली जातात. 'घरच्या मोठ्या माणसांना' म्हणा.

२. ठराव आणि माणसांची नेमणूक (तीन आठवडे आधी)

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे माणसं आहेत, कागदावर तरी आहेत. त्यांची बैठक बोलवा, बालबाजाराचा विषय मांडा, ठराव करून इतिवृत्तात लिहा आणि एक प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) द्या. ठरावात तारीख, वेळ, भांडवलाची मर्यादा, 'नफा मुलांचा, शाळा त्यातून काही घेणार नाही' हे वाक्य आणि उकळत्या तेलाबद्दलचा निर्णय (तो पुढे येतोच) एवढं असलं की पुरे.

याच बैठकीत काम वाटा. 'सर्व पालकांनी सहकार्य करावे' या वाक्यातून आजवर कुणाला काही काम कळलेलं नाही. काम, माणूस आणि वेळ अशी तीन रकान्यांची यादी करा:

- सुट्ट्या पैशांचं टेबल: दोघे. किराणा दुकान चालवणारा पालक असेल तर तोच.
- पिण्याचं पाणी आणि हात धुण्याची जागा: दोघी.
- गरम पदार्थांची जागा: दोन मोठी माणसं, बाजार संपेपर्यंत हलायचं नाही.
- फाटक: एक जण. लहान पोरं रस्त्यावर जाणार नाहीत आणि मोटारसायकली आत येणार नाहीत, हे त्याने बघायचं.
- वजनमाप: शेतकरी पालक. काटा बरोबर लावला आहे का, एवढंच बघायचं. तोलायचं मुलांनी.
- आवराआवर: चौघे. यात आवर्जून वडिलांची नावं घाला. नाहीतर झाडू आपोआप आयांच्या हातात जातो.

अशी दहा-बारा नावं झाली की त्या माणसांना येण्याला कारण मिळतं. नुसतं 'मेळावा बघायला या' म्हटलं की बाप माणूस पारावरच बसतो. 'तुम्ही आठ वाजता काटा घेऊन या' म्हटलं की तो पावणेआठला हजर असतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष सांगितलं आहे ना? बैठकीला नसलेल्या माणसाचं नाव परस्पर घातलं असेल, तर तो येणार नाही असं धरून चाला.

३. गट, भांडवल, माल (दोन आठवडे आधी)

प्रत्येक मुलाचं वेगळं दुकान ठेवू नका. साठ दुकानं झाली तर गिऱ्हाईक कोण? शिवाय ज्या घरात शंभर रुपये काढून देणं जड जातं, ते मूल त्या दिवशी शाळेलाच येत नाही. आणि का आलं नाही, हे कुणी विचारतही नाही.

आमचा हिशेब असा असतो. पहिलीची बारा मुलं दुकान लावत नाहीत. ती स्वागत करतात आणि खरेदी करतात. उरलेली अठ्ठेचाळीस मुलं, तीन-तीनचे सोळा गट. गट शिक्षकांनी पाडायचे: दुसरी-तिसरीतलं एक, चौथीतलं एक, पाचवीतलं एक. मुलांवर सोपवलं तर एका गल्लीची, एका भावकीची पोरं एकत्र येतात आणि दोन-चार मुलं कुणालाच नको असतात.

भांडवलाची मर्यादा एका गटाला दोनशे रुपये. ती घट्ट पाळा. मर्यादा नसली की कुणाचा तरी बाप हजाराचा माल आणून टाकतो आणि बाकीच्या पोरांची दुकानं त्यापुढे केविलवाणी दिसतात. ज्या गटाकडे भांडवल नाही, त्याला शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढून उसने द्यावेत. बाजार संपल्यावर गल्ल्यातून ते पहिल्यांदा परत घ्यायचे. फुकट देऊ नका. उसने घेऊन फेडण्यात मुलांना कमीपणा वाटत नाही, उलट ऐट वाटते.

माल काय असावा? घरच्या शेतातलं, परसातलं, रानातलं आधी. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, चिंचा, आवळे, पेरू, शेवग्याच्या शेंगा, उसाची कांडकी, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. मग घरी करून आणलेलं: भेळ, मटकीची उसळ, तिळाचे लाडू, सरबत. मग न खाण्याचं: कागदी पिशव्या, झाडांची रोपं, रिंग टाकण्यासारखे खेळ. सोळा गटांत भाजीपाल्याचे सहा, खाऊचे सहा आणि बाकीचे चार अशी वाटणी चांगली जमते. सगळ्यांनाच भेळ लावायची असते. चिठ्ठ्या टाका.

पॅकेटबंद कुरकुरे, चॉकलेटं, कोल्ड्रिंक नको. मुलाने दुकानातून आणलं आणि दुकानाच्याच भावात विकलं, त्यात ते काय शिकणार?

सावधान: मैदानावर कढई नको. उकळतं तेल, गॅसची शेगडी आणि दीडशे माणसांची ये-जा एका जागी आली तर शाळेने ती जोखीम घेऊ नये. वडे, भजी घरी तळून आणावेत. चहा किंवा गरम उसळ ठेवायची असेल तर भिंतीकडेला, दोरी बांधलेल्या जागेत, नेमलेल्या दोन माणसांच्या ताब्यात. पाणीपुरी मी पाणी कुठलं हे कळल्याशिवाय लावू देत नाही; उकळून गार केलेलं पाणी आणि बाजारचा बर्फ नाही, या अटीवरच.

४. वर्गातली तयारी (दहा दिवस)

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं आईवडिलांच्या हातात जातं. मुलाला सुट्टे देता येत नाहीत म्हणून आई पुढे सरसावते. तिला दटावून उपयोग नसतो. पोराला आधी येऊ द्या.

रोज एक तास. खरी नाणी, खऱ्या नोटा घ्या. खेळण्यातल्या नोटांनी सवय होत नाही. दुसरीच्या मुलांना पाच आणि दहाच्या पटीत मोजणं. तिसरी-चौथीला उरलेले पैसे परत करणं, आणि तेही दुकानदारासारखं पुढे मोजत: पस्तीसचा माल, पन्नासची नोट दिली, तर पस्तीस... चाळीस... पन्नास. वजाबाकी मांडायला लावू नका, गल्ल्यावर कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसत नाही. पाचवीला वजनं: पाव किलो म्हणजे दोनशे पन्नास ग्रॅम, वीस रुपये पाव तर अर्ध्याचे किती.

गावात अजून पुष्कळशी विक्री वाट्याने होते, 'दहाला वाटा'. बोरं, चिंचा, मिरच्या यांना तेच बरं. मात्र वाटे सारखे दिसायला हवेत. आमच्या एका पोराने पुढचे वाटे मोठे आणि मागचे बारके लावले होते. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "बाजारात असंच असतं, गुरुजी." त्याला काय बोलणार! मग वर्गात त्याच्यावरच अर्धा तास चर्चा झाली.

भाव ठरवायला गटाला एकत्र बसवा. खर्च किती, नग किती, एका नगाला किती पडला, मग भाव काय. भाव पाचच्या पटीतच: पाच, दहा, पंधरा, वीस. सात रुपये, बारा रुपये असे भाव आले की सुट्ट्यांचा घोळ झालाच म्हणून समजा. भावाची पाटी मुलांनीच लिहायची, जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, आईने लिहिलेली सुबक पाटी नको.

एक अडचण हमखास येते. मेथी घरच्या शेतातली, मग भांडवल शून्य का? मुलं म्हणतात शून्य. त्यांना घरी विचारायला लावा: बी कितीचं, खुरपणीला किती बाया, पाणी कुणी भरलं. बाप रात्री जेवताना पोराला मेथीचा हिशेब सांगत बसतो, तेव्हा तो खरा पालक-सहभाग. शेवटी सोय म्हणून आम्ही 'बाजारात जुडी ज्या भावाने ठोक जाते तो खर्च' असं धरतो.

तपासा: बाजाराच्या दोन दिवस आधी वर्गातच अर्ध्या तासाचा लुटुपुटूचा बाजार भरवा. शिक्षकांनी मुद्दाम पन्नासची, शंभरची नोट द्यावी, घासाघीस करावी, चुकीचे पैसे परत घेऊन बघावेत. जे मूल गोंधळेल त्याला गल्ल्यावर एकटं ठेवू नका, जोडीला पाचवीचं मूल द्या.

५. निमंत्रण

व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला निरोप बापाच्या फोनवर जातो. बाप अंगठा दाखवतो आणि विसरतो. आईपर्यंत ते पोचतच नाही. म्हणून प्रत्येक मुलाने वहीच्या अर्ध्या कागदावर स्वतः चार ओळी लिहायच्या: तारीख, वेळ, आमच्या दुकानात काय मिळेल, आणि 'येताना पिशवी, ताट-वाटी आणि सुट्टे पैसे आणा'. दोन कागद: एक घरी, एक शेजारच्या अशा घरी जिथलं कुणी शाळेत नाही. शेजारची म्हातारी माणसं हटकून येतात, आणि गिऱ्हाईक म्हणून तीच सगळ्यात चोख.

अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा या तिघींना तोंडी सांगा. आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून एकदा पुकारा. बस्स.

ताट-वाटीचं लिहायला विसरू नका. राज्यात २०१८ पासून थर्मोकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे. शाळेतच त्या दिसल्या तर मुलांना काय सांगणार? घरचं ताट नसेल त्याला पळसाचा द्रोण.

६. सुट्टे

हे एक काम नीट झालं तर निम्मा बाजार जिंकला. नाही झालं तर साडेआठला सगळ्या दुकानांवर एकच वाक्य ऐकू येतं, "सुट्टे नाहीत, मागून देतो."

सोळा गट, प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस रुपये: पाचची चार आणि दहाची दोन नाणी किंवा नोटा. झाले सहाशे चाळीस. सुट्ट्यांच्या टेबलावर आणखी हजार: पाचची ऐंशी, दहाची साठ. एकूण सोळाशे चाळीस रुपये, म्हणजे पाचची एकशे चव्वेचाळीस आणि दहाची ब्याण्णव. एवढी नाणी आदल्या दिवशी कुठेच मिळत नाहीत. आठवडाभर आधी किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला सांगून ठेवा, बँकेत जाणं होणार असेल तर तिथून आणा. गावात दहाचं नाणं चालत नाही म्हणून काही जण कुरकुरतात. ते चलनात आहे, आमच्या बाजारात चालेल, असं पाटीवरच लिहून टाका.

आता मोबाईलचं. गेल्या काही वर्षांत दुकानांपुढे वडिलांच्या खात्याचा क्यूआर कोड लावलेला दिसतो. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे वडिलांच्या फोनवर जातात आणि पोर गल्ल्यापाशी नुसतं बसून राहतं. दहा दिवस शिकवलेलं सगळं पाण्यात. म्हणून दुकानावर कोड नको. ज्याच्याकडे रोख नाही त्याने सुट्ट्यांच्या टेबलावर यावं, तिथल्या पालकाला ऑनलाइन पैसे द्यावेत आणि रोख घेऊन बाजारात जावं. त्या पालकाने प्रत्येक वेळी वहीत रक्कम लिहायची.

सावधान: टेबलावरचे हजार रुपये कुणाचे, ते आधीच लिहून ठेवा. संध्याकाळी 'माझे दोनशे कुठे गेले' ही बोलाचाली दोन शिक्षकांत झालेली मी पाहिली आहे.

७. आदल्या दिवशीची मांडणी

दुकानं भिंतीच्या कडेने, अर्धगोलात. ऊन सकाळी कुठून येतं ते बघून ठरवा, पालेभाजी सावलीत. शेजारीशेजारी एकच माल नको. सतरंजी किंवा पोतं अंथरून खालीच बसवा, बेंच काढू नका. तिसरीचं पोर बेंचमागे दिसतसुद्धा नाही.

मग दुकानांच्या मागे तीन-चार पावलांवर फक्कीची एक रेघ ओढा. पालक त्या रेघेच्या मागे. ही रेघ का, ते एका प्रसंगातून कळेल. चौथीतला एक मुलगा पेरू विकत होता. कुणीतरी वीसची नोट दिली, पेरू पंधराचे. तो बोटं मिटत होता, सोळा, सतरा... आणि त्याच्या खांद्यावरून आईचा हात आला, तिने डब्यातलं पाचचं नाणं उचलून गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवलं. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, मागे माणसं खोळंबली होती. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या वेळी तो मुलगा आधी मागे वळून बघायला लागला. दुसऱ्या वर्षी आम्ही रेघ ओढली. आया सुरुवातीला हसल्या, मग त्याच एकमेकींना "अगं, रेघेच्या मागं ये" म्हणायला लागल्या.

रेघेचा नियम निमंत्रण देतानाच सांगा. ऐन वेळी सांगितला तर तो हाकलल्यासारखा लागतो.

८. बाजाराचा दिवस

सात वाजता गट हजर. माल मांडायचा, मोजायचा आणि हिशेबाच्या कागदावर नगांची संख्या लिहायची. सुट्ट्यांचे चाळीस रुपये सही घेऊन द्यायचे. पावणेआठला शिक्षकांनी एक फेरी मारायची: झाकण नसलेला पदार्थ, भावाची पाटी नसलेलं दुकान, जवळ ठेवलेली सुरी. कापाकापी घरीच करून आणलेली असावी.

आठ वाजता उद्घाटन, आणि ते पाच मिनिटांत. इथे मी जरा हट्टी आहे. मंच, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चार मनोगतं यात पाऊण तास जातो. तोवर उसळ गार होते, मेथी कोमेजते आणि नऊच्या आत रानात जायचं असलेल्या आया निघून जातात. आम्ही गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलावतो, ती एका दुकानातून कोथिंबिरीची जुडी घेते, पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. पहिली भवानी झाली की घंटा. सरपंच आणि अधिकारी आले तर त्यांच्याही हातात पिशवी द्यायची. भाषणापेक्षा त्यांनी केलेली खरेदी पोरांना जास्त आवडते.

दर वीस मिनिटांनी घंटा द्या. गटातले दोघे दुकानात, एक जण बाजारात फिरायला मोकळा. घंटा झाली की पाळी बदलली. हे ठरवलं नाही तर पाचवीची पोरं दीड तास फिरतात आणि दुसरीचं पोर दुकान राखत बसतं.

पोषण आहार त्या दिवशी बंद ठेवू नका. ज्या मुलाने बाजारात एक रुपयाही खर्च केलेला नसतो ते साडेनऊनंतर खिचडीचीच वाट बघत असतं. फक्त स्वयंपाकाच्या ताईंना आदल्या दिवशी अंदाज द्या, कारण बाकीची पोरं कमी जेवतात. पहिलीच्या मुलांना खर्चाला काय, हाही प्रश्न असतो. समितीने ठरवून प्रत्येकाला वीस रुपयांची कागदी कुपनं द्यावीत. दुकानांनी ती घ्यावीत आणि शेवटी सुट्ट्यांच्या टेबलावर रोखीत बदलावीत. सगळ्यांना द्यायची, गरजूंना निवडून नव्हे.

शिक्षकांनी काय करायचं? फिरायचं आणि पिशवी भरायची. एकाच शिक्षकाने फोटो काढावेत, बाकीच्यांचे फोन खिशात.

सव्वानऊला भाव उतरवायची मुभा. शेवटच्या पंधरा मिनिटांत 'दहाची जुडी पाचला' अशी आरोळी आपसूक सुरू होते. ती थांबवू नका, शिकवण्याजोगं त्यात पुष्कळ आहे.

९. गल्ला बंद

साडेनऊला घंटा, विक्री बंद. आता कुणीही डब्याला हात लावायचा नाही. आधी उरलेला माल मोजायचा, मग पैसे मोजायचे, दोन्ही कागदावर लिहायचं, मग डबा शिक्षकांकडे. डबे घरी जाऊ देऊ नका. घरी गेलेल्या डब्यात दुसऱ्या दिवशी कमी तरी असतात, नाहीतर बापाने हौसेने घातलेले जास्त तरी.

आवराआवरीची चार माणसं याच वेळी लागतात. यादी बघून हाक मारा.

१०. हिशेबाचा तास

शनिवारी बाजार, सोमवारी हिशेब. हा तास न घेता बालबाजार संपवणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. अभ्यास सगळा इथेच असतो.

एका गटाचा कागद उदाहरणादाखल देतो. भेळेचा खर्च: चुरमुरे ४०, फरसाण ७०, कांदे-टोमॅटो ३०, चिंच-गूळ-मसाला ३०, द्रोण ३०, एकूण २०० रुपये. भाव द्रोणाला १०. डब्यात निघाले ३२० रुपये. पाचवीतली मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, आमचा नफा तीनशे वीस!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी काही न बोलता फळ्यावर ३२० लिहिलं आणि विचारलं, "सकाळी डबा रिकामा होता का गं?" मग चाळीस सुट्ट्यांचे वजा झाले. २८०. म्हणजे अठ्ठावीस द्रोण विकले. "आणि चुरमुरे फुकट आले का?" मग दोनशे वजा. ८० राहिले. तीनशे वीसवरून ऐंशीवर येताना त्या मुलीचा चेहरा उतरला होता, पण नफा या शब्दाचा अर्थ वर्गात परत कुणाला विचारावा लागला नाही.

पुढे, ऐंशी रुपये तिघांत. सव्वीस-सव्वीस आणि दोन उरले. त्या दोन रुपयांवर वर्गात जितकी भांडाभांडी आणि तोडगे झाले तितके भागाकाराच्या एकाही गणितावर झाले नव्हते. (शेवटी दोन रुपये दुसरीतल्या मुलाला मिळाले, कारण त्याने स्वतःच्या दुकानाची भेळ एकदाही फुकट खाल्ली नव्हती.)

या तासाला कुपनं, उसने घेतलेले पैसे आणि उरलेल्या मालाचं काय, हे तिन्ही विषय घ्या. तोटा झालेल्या गटाला शेवटी ठेवू नका, मधे घ्या, आणि कारण त्यांनाच शोधू द्या. 'माल जास्त आणला', 'भाव चढा लावला', 'शेजारीच पेरूचं दुसरं दुकान होतं' ही उत्तरं मुलं बरोबर काढतात. तोटा शाळेने भरून देऊ नये. भांडवल उसनं असेल तर तेवढं सोडून द्यावं.

तपासा: सगळ्या गटांच्या विक्रीची बेरीज, सुट्टे आणि डब्यांतली रक्कम जुळते का? वीस-पंचवीस रुपयांचा फरक येतोच. तो लपवू नका, फळ्यावर लिहा.

११. पालकांची बैठक (आठवड्याच्या आत)

सोळा हिशेबाचे कागद भिंतीवर चिकटवा आणि आपापल्या घरच्या माणसांना मुलांनीच ते समजावून सांगू द्या. शिक्षकांनी गप्प बसायचं. नंतर पालकांना तीनच प्रश्न: वेळ जमली का, काय खटकलं, पुढच्या वेळी तुम्ही कोणतं काम घ्याल? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नावांसकट लिहून घ्या.

याच बैठकीत घरी करायचं एक काम द्या: महिनाभर किराण्याची यादी मुलाने लिहायची आणि दुकानातून परत आलेले पैसे मुलाने मोजायचे. ज्या आईला वाचता येत नाही तिलाही हे करून घेता येतं, पैशांचा हिशेब तिला आपल्यापेक्षा पक्का असतो.

शेवटी इतिवृत्त लिहा आणि पत्र्याची एक पेटी भरून ठेवा: भावाच्या पाट्या, रिकामे डबे, दोरी, उरलेले द्रोण, काम-माणूस-वेळ यांची यादी आणि कोणत्या दुकानदाराने किती सुट्टे दिले त्याची चिठ्ठी. पेटीच्या झाकणाच्या आत आम्ही खडूने लिहिलं आहे: 'एकादशी बघा.'